थांबून पाहणं आणि दुखणं अंगावर काढणं

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस आजारी आहे, आजाराला नाव नाही आणि औषधही विशेष चालू नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत दोन्हींसाठी एकच वाक्य असतं, "बघूया काय होतंय." पण एकात पुढची तारीख ठरलेली असते, दुसऱ्यात नसते.

डॉक्टर "दोन आठवडे थांबून पाहू" म्हणतात त्याला कारण असतं. बरेच विषाणूजन्य ताप तेवढ्यात आपोआप उतरतात, आणि काही आजारांची खूण रक्तात किंवा एक्स-रेत सुरुवातीला उमटतच नाही. म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार नाहीच, असं धरून चालू नका. उठण्याआधी विचारा: परत कधी येऊ, कोणती तपासणी पुन्हा करायची, आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं? धाप, छातीत दुखणं, भ्रम, फिट, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, काळी शी, लघवी फार कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

मधल्या दिवसांत वही ठेवा. ताप सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, एकाच जागी मोजा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, त्यामुळे जागा बदलली की तुलना फसते. आधी ताप मोजा, मग पॅरासिटामॉल घ्या आणि गोळीची वेळही लिहा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. 60 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत काही न करता 3 किलो वजन उतरलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. ताप 3 आठवड्यांहून जास्त टिकला आणि पुनःपुन्हा 101 अंशांपुढे गेला, तर तपासणीची दिशाच बदलते.

वहीच्या पहिल्या पानावर कामाची माहिती लिहा. गोठ्यात वासरू ओढून काढलंय का, कच्चं दूध पितो का? यातून जनावरांकडून होणाऱ्या ब्रुसेलोसिसचा ताप येतो-जातो, आणि संशय कळवल्याशिवाय प्रयोगशाळा त्याचा शोध नीट घेऊ शकत नाही. काजूच्या हंगामात रानात गेला होता का, गोचीड चावली का? माकडताप बहुतेकदा त्यातूनच होतो.

जास्त नुकसान होतं ते मधल्या इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी, आणि इथेच थांबून पाहणं नकळत अंगावर काढण्यात बदलतं. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चार दिवस हुशारी वाटते, अंगावर गाठ असेल तर ती लहान होऊ शकते, आणि मग बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, कधीकधी काहीच ठरत नाही. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू झालं तर जंतू अनेकदा उगवत नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक क्षयाला अर्धवट दाबतं आणि निदान लांबतं. दुकानातून आणलेली गोळी असली तरी पाकीट जपून ठेवा. स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका, शरीराचं स्वतःचं संप्रेरक तेवढ्या दिवसांत मंदावलेलं असतं.

आपल्याकडे बेळगावात गुण आला नाही की मिरज, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. जाणं चुकीचं नाही, रिकाम्या हाताने जाणं चुकीचं आहे. नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, तेच रक्त पुन्हा निघतं, पैसे जातात. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते, ती लेखी मागा. सीटी स्कॅनच्या कागदासोबत सीडीही घ्या. बायोप्सी झाली असेल तर काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा मागून घ्या. त्याच ठोकळ्यातून दुसरीकडे नवे काप काढून तपासता येतात, पुन्हा सुई टोचावी लागेलच असं नाही. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळू शकतं.