कुंडीच्या तळाशी खापऱ्या घातल्या की निचरा होतो?

फुटक्या कुंडीच्या खापऱ्या नव्या कुंडीच्या तळाशी घातल्या की पाण्याचा निचरा चांगला होतो, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. होतं उलटंच. बारीक मातीने धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती ओथंबेपर्यंत ते तिथंच थांबतं. म्हणजे १२ इंची कुंडीत ३ इंच खापऱ्या भरल्या, तर तळाचा चिकचिकाट ३ इंच वर सरकून थेट मिरचीच्या मुळांशी येतो. शिवाय माती कमी, ती वेगळीच. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादी बाकदार खापरी पालथी ठेवा, बास. निचरा हवा असेल तर सगळ्या मातीतच भाताचं तूस आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा.

खापऱ्यांची खरी जागा वाफ्यात. कडेला उभ्या गाडल्या की पावसात माती कमी ढासळते. बूड गेलेली कुंडी तर सोनंच! काठ दोन बोटं वर ठेवून वाफ्यात पुरायची आणि आत पुदिना लावायचा, नाहीतर तो बघता बघता कोथिंबिरीच्या वाफ्यात घुसतो. प्लास्टिकच्या कुंड्यांचं मात्र हे करू नका. उन्हाने त्यांचा चुरा होतो आणि तो मातीतून वेचणं अशक्य.