कॅल्क्युलेटरची चिप आणि मायक्रोप्रोसेसर: एकाच गिऱ्हाइकाने मागवलेल्या दोन गोष्टी

‘जगातला पहिला मायक्रोप्रोसेसर म्हणजे खरं तर कॅल्क्युलेटरची चिप’ हे वाक्य संगणकाच्या इतिहासावरच्या लेखांत हमखास सापडतं. त्याच्या जोडीला आणखी एक असतं: ‘प्रत्येक कॅल्क्युलेटरमध्ये मायक्रोप्रोसेसर असतोच.’ दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि नेमकं म्हणूनच गोंधळ उडतो.

तो सोडवायला बिझिकॉम या जपानी कंपनीसारखं उदाहरण नाही. १९७० च्या आसपास या एकाच कंपनीने दोन अमेरिकी कंपन्यांकडून आपल्या यंत्रांसाठी चिप करून घेतल्या. मोस्टेककडून आली एमके६०१०, ही कॅल्क्युलेटरची चिप. इंटेलकडून आला ४००४, हा मायक्रोप्रोसेसर. गिऱ्हाईक एक, काळ एक. ट्रान्झिस्टरांची संख्याही जवळपास तेवढीच: एमके६०१० वर सुमारे २१००, ४००४ वर सुमारे २३००. तेव्हा फरक आकाराचा किंवा ताकदीचा नाही. ‘काय करायचं’ हे कुठे लिहून ठेवलंय, यात तो आहे.

आधी त्या काळाकडे पाहू. पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असं पहिलं टेबलावरचं गणकयंत्र ‘अनिता’ १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये आलं. त्यात व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) होते. १९६४ मध्ये शार्पने ट्रान्झिस्टरवर चालणारं सीएस-१०ए आणलं. वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. पुढच्या पाच वर्षांत ट्रान्झिस्टरांची जागा चिपने घेतली, आणि १९६९ च्या शार्प क्यूटी-८डी मध्ये रॉकवेलच्या अवघ्या चार मोठ्या चिपवर सगळी आकडेमोड होऊ लागली.

यंत्र लहान होत गेलं, पण एक अडचण तशीच राहिली. बेरीज कशी करायची, दशांश चिन्ह कुठे ठेवायचं, कोणती कळ दाबल्यावर काय घडायचं, हे सगळं सर्किटच्या जोडणीतच कायमचं ठरलेलं असे. एक नवी सोय द्यायची म्हणजे नवी जोडणी, नवी चाचणी, नवा खर्च. बाजारात तर दर काही महिन्यांनी नवं मॉडेल लागायचं.

एमके६०१० ने ही जुनी पद्धत शेवटच्या टोकापर्यंत नेली. बिझिकॉमच्या ‘ज्युनिअर’ यंत्रात २२ चिप होत्या. त्या सगळ्यांचं काम मोस्टेकने एका चिपमध्ये बसवलं: बारा आकडी संख्या, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. १९७१ च्या सुरुवातीला याच चिपवर बिझिकॉमचा ‘हँडी’ आला, खरोखर खिशात मावणारा. तंत्र म्हणून हे काम विलक्षणच होतं, आणि इंटेलच्या कथेपुढे ते झाकोळलं जातं याचं मला वाईट वाटतं. पण या चिपला चार क्रियांपलीकडचं काही शिकवता येत नव्हतं. वर्गमूळ हवं असेल, तर चिपच नवी आखायची.

इंटेलकडची मागणी वेगळी होती. बिझिकॉमला तिथून एक कॅल्क्युलेटर नव्हे, तर टेबलावरच्या छपाई करणाऱ्या यंत्रांचं अख्खं कुटुंब उभं करायचं होतं. जून १९६९ मध्ये कंपनीचे तरुण अभियंते मासातोशी शिमा सहकाऱ्यांसह कॅलिफोर्नियात आले. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक मॉडेलचं वेगळेपण रॉममध्ये, म्हणजे कायमचं लिहून ठेवलेल्या मेमरीत, साठवण्याची कल्पना आधीच होती. इंटेलची बाजू सांगताना हे बहुतेकदा गाळलं जातं, ते गाळू नये. मात्र शिमांच्या आराखड्यात यंत्राला द्यायच्या सूचना मोठ्या आणि थेट कॅल्क्युलेटरच्या भाषेतल्या होत्या. त्या पार पाडायला अनेक वेगवेगळ्या, गुंतागुंतीच्या चिप लागणार होत्या. इंटेल तेव्हा जेमतेम वर्षभराची, मेमरीच्या चिप करणारी लहान कंपनी होती. एवढी निरनिराळी कामं पेलणं तिला शक्य नव्हतं.

इंटेलच्या टेड हॉफ यांच्या हाताखाली त्या सुमारास पीडीपी-८ हा छोटा संगणक होता. त्याच्या सूचना अगदी साध्या आणि मोजक्या. बाकी सगळं मेमरीतल्या प्रोग्रॅमवर सोपवलेलं. त्यांनी सुचवलं ते असं: यंत्राला गुणाकार ‘माहीत’ असण्याची गरज नाही. चार बिट घेणं, मिळवणं, हलवणं, आणि निकाल पाहून प्रोग्रॅमच्या दुसऱ्या ओळीवर उडी मारणं, एवढं जमलं की गुणाकार प्रोग्रॅमने करता येतो. स्टॅन मेझर यांच्या मदतीने चार चिपचा संच ठरला: ४००१ हा रॉम, ४००२ ही रॅम (कामापुरती, बदलती मेमरी), ४००३ हे कळफलक, छपाईयंत्र वगैरेंसाठी शिफ्ट रजिस्टर (एकामागून एक येणारे बिट अनेक तारांवर मांडणारी चिप), आणि ४००४ हा प्रोसेसर.

कागदावरची ही कल्पना सिलिकॉनवर आणली फेडेरिको फाजिन यांनी. ते एप्रिल १९७० मध्ये फेअरचाइल्डमधून इंटेलमध्ये आले. ट्रान्झिस्टर दाटीने बसवू देणारं सिलिकॉन गेटचं तंत्र त्यांनी फेअरचाइल्डमध्येच विकसित केलं होतं, आणि त्याशिवाय एवढं सर्किट एवढ्याशा जागेत बसलंच नसतं. ते रुजू होतात न होतात तोच शिमा कामाची प्रगती तपासायला हजर झाले, तर चिपची आखणी पुढे सरकलेलीच नव्हती. शिमा चिडले, आणि मग तिथेच राहून आखणीत हातभार लावू लागले. जानेवारी १९७१ मध्ये ४००४ चालला. त्याच्या एका कडेला आजही ‘एफ. एफ.’ ही आद्याक्षरं दिसतात.

या संचावर उभं राहिलेलं यंत्र म्हणजे बिझिकॉम १४१-पीएफ. त्यात चार ४००१ होते, प्रत्येकी २५६ बाइटचे. म्हणजे सगळा कॅल्क्युलेटर १०२४ बाइटच्या प्रोग्रॅममध्ये. आणि पाचव्या रॉमसाठी एक जागा राखलेली होती. तो बसवला की वर्गमूळ काढता येई. प्रोसेसर तोच, तारा त्याच, फक्त आणखी २५६ बाइट. मायक्रोप्रोसेसर कशाला म्हणायचं हे विचारणाऱ्याला मी व्याख्या सांगण्याऐवजी हा पाचवा रॉम दाखवेन.

आता दुसरी बाजू, कारण ४००४ च्या अंगावर कॅल्क्युलेटरच्या खुणा जागोजागी आहेत. तो चार बिटचा का? शून्य ते नऊ यांतला कुठलाही आकडा चार बिटमध्ये मावतो म्हणून. त्याच्या सूचनांमध्ये डीएए आहे, जी बेरजेनंतर उत्तर दशमान पद्धतीत नीट बसवते. केबीपी नावाचीही एक सूचना आहे. चार तारांपैकी कोणत्या एका तारेवर कळ दाबली गेली, हे ती संख्येत बदलून देते. सर्वसाधारण संगणकाला असली सूचना कुणी मुद्दाम दिली नसती. ४००२ ची ३२० बिटची मेमरी तर उघडच बोलते: चार रजिस्टर, प्रत्येकात १६ आकडे, आणि शिवाय चिन्ह, घातांक यांसारख्या नोंदींसाठी चार जागा. कॅल्क्युलेटरमधली संख्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली मेमरी आहे ही.

मग कॅल्क्युलेटरवाल्यांनी मायक्रोप्रोसेसर डोक्यावर घेतला असेल, असं वाटतं. तसं झालं नाही. ४००४ एकटा काहीच करू शकत नाही. त्याला रॉम हवा, रॅम हवी. खिशातल्या स्वस्त यंत्राला इतके सुटे भाग, एवढी जागा आणि वीज परवडत नव्हती. तिथे एकाच चिपचा मार्ग जिंकला. किमती इतक्या झपाट्याने कोसळल्या की बिझिकॉमने इंटेलकडे चिपचा दर कमी करून मागितला. त्या वाटाघाटीत इंटेलने ६०,००० डॉलर परत करून हा संच इतरांना विकण्याचा हक्क मिळवला. अट एकच होती: कॅल्क्युलेटरसाठी विकायचा नाही. १५ नोव्हेंबर १९७१ च्या ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’मध्ये ४००४ ची जाहिरात आली. बिझिकॉम १९७४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तर दोन स्वच्छ कप्पे मिळाले असते. पण त्याच काळात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी मधला रस्ता काढला. १७ सप्टेंबर १९७१ ला जाहीर झालेली टीएमएस१८०२ विकली गेली कॅल्क्युलेटरची चिप म्हणून, पण तिच्या पोटात रॉम, रॅम आणि त्या रॉममधला प्रोग्रॅम चालवणारा छोटा प्रोसेसर असं सगळंच होतं. कारखान्यात एक मुखवटा (चिपवर आकृती उमटवणारा साचा) बदलला की तीच चिप वेगळं वागू शकत होती. विकत घेतल्यावर मात्र तिच्यात बदल करता येत नसे.

या रचनेतून काय साधता येतं, हे १९७४ च्या सिंक्लेअर सायंटिफिक या कॅल्क्युलेटरने दाखवलं. याच घराण्यातल्या साध्या चार क्रियांच्या चिपमध्ये रॉमच्या जेमतेम ३२० सूचना मावत. सिंक्लेअरच्या नायजेल सर्ल यांनी तेवढ्यात साइन, कोसाइन, टॅन्जंट आणि लॉगॅरिदम बसवले. उत्तरं फारशी अचूक नसत आणि यायला वेळ लागे, तरी इतक्या तुटपुंज्या जागेत इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून ‘प्रत्येक कॅल्क्युलेटरमध्ये मायक्रोप्रोसेसर असतो’ हे वाक्य थोडं बदलून घ्यावं. दुकानाच्या गल्ल्यावर असतो तशा साध्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोसेसर असू शकतो, पण तो आपल्या एकाच प्रोग्रॅमसकट चिपमध्ये बंद असतो. मायक्रोप्रोसेसरचा प्रोग्रॅम चिपच्या बाहेर, बदलता येईल अशा जागी राहतो.

आणि सुरुवातीच्या पहिल्या वाक्याचं, त्यातून सुचणाऱ्या कॅल्क्युलेटरपासून संगणकापर्यंतच्या सरळ रेषेचं काय? ती तितकी सरळ नाही. आठ बिटचा ८००८ (१९७२) कॅल्क्युलेटरमधून आलाच नाही. त्याच्या सूचना डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी आखलेल्या होत्या. कॅल्क्युलेटरने पुढे दिली ती माणसं: फाजिन यांच्या कल्पनेवरून १९७४ च्या ८०८० ची तपशीलवार आखणी शिमा यांनीच केली, तेही आता इंटेलमध्ये येऊन. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस१८०२ ची वारसदार टीएमएस१००० सगळ्यांना विकायला काढली. मायक्रोकंट्रोलर (प्रोसेसर आणि मेमरी एकाच चिपमध्ये) हे तिसरं घराणं तिथून वाढलं, आणि १९७८ च्या ‘सायमन’ या दिवे लावणाऱ्या, सूर काढणाऱ्या खेळण्यात बसली ती हीच चिप.