गालगुंड, गोवर किंवा रुबेलामुळे ऐकू येईनासं झालं? श्रवण दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज असा करा

गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरतं, पण काहींच्या आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी कायमच्या मारून जातं. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. गोवरातही असं होऊ शकतं. गरोदरपणात आईला रुबेला किंवा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा संसर्ग झाला, तर बाळ कर्णबधिर जन्माला येऊ शकतं. सीएमव्हीत तर जन्मावेळची तपासणी नॉर्मल येऊनही पुढे ऐकणं घटू शकतं, म्हणून अशा बाळाची तपासणी एकदाच करून थांबू नका.

एक आधीच सांगतो. कान अचानक बंद पडला असेल तर अर्जाच्या मागे लागू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइडचा फायदा व्हायचा तर तो पहिल्या काही दिवसांत होतो. प्रमाणपत्र कायमच्या नुकसानीचं असतं. उपचार संपल्यावर जे उरेल त्याचं.

आता पात्रता, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आजार कोणत्या विषाणूने झाला, यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल श्रवणऱ्हास लागतो. ७० पासून पुढे व्यक्ती कर्णबधिर धरली जाते. टक्के काढताना चांगल्या कानाच्या श्रवणऱ्हासाचे टक्के पाचपट धरतात, त्यात खराब कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. गालगुंडाने बहुधा एकच कान जातो. तो पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर हिशोब शंभर भागिले सहा, म्हणजे जेमतेम १७ टक्के. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. एका कानाने रस्त्यावर आवाजाची दिशा कळत नाही, वर्गात निम्मं बोलणं निसटतं, हे या सूत्रात कुठेच मोजलं जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम सध्या असाच आहे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा अपलोड करा आणि जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय निवडा. नोंदणी क्रमांकाची पावती जपून ठेवा. स्वतःला जमत नसेल तर सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. मग रुग्णालयाच्या दिव्यांग तपासणीच्या वारी मूळ कागद घेऊन जायचं. आजारपणाचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) हेही सोबत असू द्या.

जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या आणि सर्दी असेल तर तारीख पुढे न्या, नाहीतर आकडे चुकतात आणि दुसरी फेरी पडते. बंद खोलीत हेडफोन लावून ५०० ते ४००० हर्ट्झचे सूर ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. लहान मुलांची किंवा शंका आली तर मोठ्यांचीही बेरा चाचणी होते. तिच्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि मेंदूपर्यंत पोचणारा संदेश यंत्र मोजतं, सांगावं काही लागत नाही. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची फेरतपासणीची तारीख चुकवू नका.

४० टक्के किंवा जास्त आले, तर एसटीच्या भाड्यात सवलत आणि केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. एडिपला उत्पन्नाचा दाखला लागतो: महिना २२,५०० रुपयांपर्यंत यंत्र मोफत, त्यावर ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. लहान मुलाला कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) सुचवलं असेल तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा, आणि लवकर करा; जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी वयाची अट आहे.

टक्केवारी पटली नाही, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत राज्याच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. सोबत दुसऱ्या ठिकाणचा ताजा ऑडिओग्राम आणि बेरा रिपोर्ट जोडा.