गोळी आरपार गेली, तर मास्कला हाक मारू नका

"गोळी शत्रूच्या अंगातून आरपार जाते. मास्क लावू का?" पायगेममध्ये (पायथनमध्ये गेम करायची लायब्ररी) पहिलाच शूटिंग गेम करणाऱ्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता वाक्य पुरं व्हायच्या आत माझी मान नकारार्थी हलते. मास्क म्हणजे चौकटीऐवजी चित्राचे पारदर्शक नसलेले पिक्सेल धरून टक्कर तपासणं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आकार चुकणं वेगळं आणि क्षण चुकणं वेगळं. दोन्हींत पडद्यावर दिसतं ते सारखंच: जे लागायला हवं ते लागलं नाही, किंवा नको ते लागलं. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

आकाराचं तुम्हाला बहुतेक माहीतच आहे. रेक्ट म्हणजे चित्राभोवतीची चौकट. पीएनजीच्या कडेला पारदर्शक पट्टा सोडला असेल, तर गोळी हवेतच लागल्यासारखी दिसते. वर्तुळ घ्या, मास्क घ्या, नाहीतर इन्फ्लेटला उणे आकडे देऊन चौकट आवळा. मी चौकटच आवळतो. खेळाडूच्या विमानाची जास्त, शत्रूची कमी. थोडक्यात वाचलो, असं खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे. पिक्सेलन् पिक्सेल तपासून खेळाडूला मारण्यात कसलंही शौर्य नाही.

आता क्षणाचं. कोलाइडरेक्ट (चौकटींची टक्कर तपासणारं फंक्शन) एकच प्रश्न विचारतो: या घडीला या दोन चौकटी एकमेकींवर आहेत का? मघाशी होत्या का, मधल्या वाटेत गाठ पडली का, हे तो विचारत नाही. मास्कही विचारत नाही. 1978 च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये खेळाडूची गोळी रंगवताना त्या जागी आधीच पेटलेला पिक्सेल सापडला, की टक्कर झाली असं धरत. म्हणजे पिक्सेलवार तपासणी ही काही नव्या जमान्याची जादू नाही. आणि तीही त्या घडीपुरतीच.

आकडे मांडून बघा. पायगेममध्ये उभे आकडे वरून खाली वाढतात. शत्रू 20 पिक्सेल उंच, वरची कड 100 वर, खालची 120 वर. गोळी 10 पिक्सेल उंच, दर फ्रेमला (पडदा एकदा नव्याने रंगतो ती एक फ्रेम) 40 पिक्सेल वर सरकते. एका फ्रेमला गोळी 125 ते 135 मध्ये आहे, म्हणजे शत्रूच्या खाली. पुढच्या फ्रेमला 85 ते 95 मध्ये, म्हणजे शत्रूच्या वर. दोन्ही वेळा कोलाइडरेक्टने प्रामाणिकपणे "नाही" सांगितलं. गोळी शत्रूतून गेलीच नाही हो, ती त्याला ओलांडून पलीकडे उगवली. जिथे चौकटीच भेटल्या नाहीत, तिथे चौकटींच्या आतले पिक्सेल मोजून मास्क काय सांगणार?

हिशेब सोपा आहे. गोळी आणि शत्रू यांच्या उंचीची बेरीज 30, उडी 40. उडी बेरजेपेक्षा मोठी झाली, की भोक पडलंच. तरी चारांतल्या साधारण तीन गोळ्या लागतात, चौथी निसटते. म्हणून तर हा बग लहरी वाटतो आणि मुलं रात्रभर चित्रं कातरत बसतात. शत्रू खाली येत असेल तर त्याचा वेगही उडीत धरा. 40 अधिक 5 म्हणजे 45.

त्यात वेग डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणला असेल तर आणखी मजा. सेकंदाला 60 फ्रेम असताना जी उडी 40 ची, ती 30 फ्रेम असताना 80 ची होते. घरी नीट चाललेला गेम कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर गळायला लागतो, आणि दोष पीसीला मिळतो.

उपाय तीन. गोळी हळू करा. पहिल्या गेमला हेच पुरतं, पण सांगितलं की मुलांची तोंडं उतरतात. किंवा एका फ्रेममधली उडी 20-20 च्या दोन पावलांत तोडा आणि प्रत्येक पावलानंतर तपासा. माझ्या आवडीचा तिसरा: हलवण्याआधी गोळीची जुनी चौकट जपून ठेवा, युनियनने जुनी आणि नवी मिळून एक लांब चौकट करा, आणि ती शत्रूशी ताडून बघा. वरच्या उदाहरणात ती 85 ते 135 होते, शत्रू तिच्यात अलगद सापडतो. सरळ वर जाणाऱ्या गोळीला हे चोख बसतं. तिरप्या गोळीला नाही: चौकट गलेलठ्ठ होते आणि बाजूने उडणारा निरपराध मरतो. तिथे पायगेम 2 मधलं क्लिपलाइन वापरा; गोळीच्या जुन्या मध्यापासून नव्या मध्यापर्यंतची रेघ शत्रूच्या चौकटीतून जाते का, ते कळतं.

ग्रुपकोलाइड (दोन गटांतल्या सगळ्या टकरा एकदम तपासणारं फंक्शन) वापरत असाल तर सगळा कोड उपसायची गरज नाही. त्याला शेवटी तपासणीचं फंक्शन देता येतं. तिथे तुम्ही कोलाइड_मास्क लिहून ठेवलंय, ते खोडा आणि दोन स्प्राइट (म्हणजे गोळी आणि शत्रू) घेऊन लांब चौकट तपासणारं आपलं चार ओळींचं फंक्शन द्या. फक्त शत्रूंसाठीचा डोकिल (लागलेल्याला आपोआप काढून टाकायचं का, ते सांगणारा पर्याय) फॉल्स ठेवा. लांब चौकटीत एकाखाली एक असे दोन शत्रू सापडले, तर ट्रू दोघांनाही उडवेल. गोळी खालून येतेय, तेव्हा ज्याची खालची कड सर्वांत खाली, तोच मारायचा.