कास्तकाराच्या घरातून पहिल्यांदा रोमला : पासपोर्ट, शेंगेन व्हिसा आणि कोणकोणते कागद लागतात

रोमला जायचं ठरवलंत ना, मग तिकीट बघायच्या आधी आधार कार्ड, शाळेची टीसी, पॅन कार्ड आणि सातबारा असे चारही कागद शेजारी-शेजारी मांडा आणि चारही ठिकाणी तुमचं नाव अक्षर-अक्षर वाचून पाहा. आपल्या विदर्भात घोळ इथंच असते. टीसीवर वामन, आधारवर वामनराव, सातबाऱ्यावर वामन मारोती अन् बँकेत नुसतं व्ही. एम. बायकांचं तर लग्नाआधीचं एक नाव, नंतरचं दुसरं, अन् सातबाऱ्यावर चढताना मागे लागलेलं 'बाई' आणखी वेगळं. गावात सगळ्यांना माहीत असते की हा माणूस एकच आहे, पण मुंबईत इटलीच्या वकिलातीत बसलेल्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार, त्याच्यासमोर फक्त कागदच असतात.

हे सविस्तर लिहितो आहे कारण आपल्याकडे पक्का समज आहे की युरोपचा व्हिसा फक्त नोकरीवाल्याला नाहीतर पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यालाच मिळते. असं काहीच नाही. कास्तकाराला मनाई आहे असा कुठेच नियम नाही. व्हिसा देणारे तीनच गोष्टी पाहतात, जायचं कारण खरं आहे का, खर्च झेपते का आणि माणूस वेळेत परत येणार का. ज्याच्या घरी वावर आहे, बैलं नाहीतर ट्रॅक्टर आहे, म्हातारे आई-बाप आहेत त्याच्याकडे या तिन्हीची उत्तरं असतात, फक्त ती इंग्रजीत कागदावर मांडलेली नसतात. ते मांडायचं काम आपण स्वतः करू शकतो, एजंटला मोठी रक्कम द्यायची गरज नाही.

आधी पासपोर्ट

विदर्भातले सगळे जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट ऑफिसखाली येतात. अर्ज ऑनलाइनच करायचा, साइट एकच, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. गुगलवर शोधलं तर तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात अन् भलतेच पैसे मागतात, तर शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहूनच पुढे जा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळमध्ये त्यावर २,००० रुपये जास्त. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षं चालते. रोमला घाई कोणाला नसते, त्यामुळे तत्काळच्या भानगडीत पडू नका.

अपॉइंटमेंट घेताना नागपूरचं केंद्र किंवा जवळच्या पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र, जे सोयीचं पडते ते निवडा. ओरिजिनल कागद सोबत न्या, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही. पत्त्यासाठी आधार चालते, जन्मतारखेसाठी टीसी, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यातलं काहीही चालते. फक्त १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना जन्म दाखलाच लागते, दुसरं काही धरत नाहीत. दहावी पास असाल तर सनद नक्की न्या, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शेरा पडत नाही. दहावी झाली नसेल तरी घाबरू नका, तो शेरा ठराविक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी असते आणि इटली त्यात येत नाही.

फॉर्ममध्ये 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, अन् 'सरनेम'मध्ये आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पुढे विमानाचं तिकीट काढताना तेच डोक्याला ताप होते. नंतर पोलीस व्हेरिफिकेशनला ठाण्यातून फोन येते, कधी शिपाई घरी येते, कधी तुम्हालाच बोलावतात, दोन शेजारी सोबत ठेवा आणि फोन उचलत जा. अनोळखी नंबर म्हणून फोन कट केला अन् फाइल तशीच पडून राहिली असं गावात लय होते.

आता व्हिसा

इटली शेंगेन गटात आहे. १ जानेवारी २०२५ पासून या गटात २९ देश पूर्णपणे झाले, त्यातल्या एकाचा व्हिसा मिळाला की बाकीच्यांतही फिरता येते, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पण अर्ज कोणाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडेच करायचा, सारखेच दिवस असतील तर पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. रोमला पाच दिवस आणि पॅरिसला तीन असतील तर अर्ज इटलीकडेच जाणार. पहिल्या खेपेला मी तर म्हणतो एकच शहर धरा, रोम आठ दिवसांतही संपत नाही अन् कागदही सुटसुटीत राहतात.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येते, कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावाच लागते. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण चौकशी निघाली तर ४५ दिवसांपर्यंतही जाते, तर निदान दोन-अडीच महिने हातात ठेवून अर्ज टाका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या लेकरांना ४५ युरो, ६ वर्षांखाली माफ. रुपयात मोठ्या माणसाचे नऊ हजारांच्या वर जातात, अर्ज जमा करून घेणाऱ्या केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला असावा, युरोपातून निघायच्या तारखेपुढे किमान ३ महिने चालू असावा आणि दोन पानं कोरी असावीत.

सोबत भरलेला अन् सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जाण्या-येण्याचं विमानाचं रिझर्व्हेशन, सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग, आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा. विमान अन् हॉटेल दोन्ही बिनखर्चात रद्द होईल असंच घ्या. पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

पैशाचा कागद, इथं सगळ्यात जास्त लक्ष पायजे

नोकरीवाल्याचा पगार दर महिन्याला खात्यात पडते, त्यामुळे त्याचं स्टेटमेंट पाहिलं की झालं. आपलं तसं नसते. कापूस विकला की चुकारा एकदम येते, सोयाबीन-तुरीचं तसंच, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला तर इसार आधी अन् बाकी रक्कम तोडणीच्या वेळी. म्हणजे खात्यात सहा महिने शांतता अन् एका दिवशी तीन-चार लाख जमा. व्हिसा पाहणाऱ्याला याच गोष्टीचा संशय येते, कारण खूप लोक अर्जाच्या तोंडावर पाहुण्याकडून उसने पैसे घेऊन खातं फुगवतात. तेव्हा प्रत्येक मोठ्या रकमेचा पुरावा तिच्या शेजारी पायजे, बाजार समितीची पावती, जिनिंगची किंवा सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीची पट्टी, व्यापाऱ्याचं बिल, अन् पावतीवरची तारीख स्टेटमेंटमधल्या तारखेशी जुळायला पायजे. रोखीनं माल विकायची सवय असेल तर ज्या वर्षी जायचं त्या वर्षी तरी पैसे खात्यातच घ्या.

स्टेटमेंट ६ महिन्यांचं काढा, बँकेचा शिक्का अन् सही घेऊन. पासबुकच्या झेरॉक्सवर भागवू नका, विशेषतः जिल्हा बँकेचं पासबुक असेल तर छापील स्टेटमेंट मागून घ्या. पीककर्जाची रक्कम आपली बचत म्हणून दाखवू नका, ते कर्ज आहे हे पाहणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते.

शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून आपण रिटर्न भरत नाही, पण भरू नये असं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवून रिटर्न भरता येते, आणि दोन-तीन वर्षांचे रिटर्न असले की अर्जाला चांगलाच जोर येते. मुलाला-पोरीला कधी ना कधी बाहेर पाठवायचं मनात असेल तर हे यंदापासूनच सुरू करा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून निघते, तोही लावा.

सातबारा आणि गाव नमुना ८-अ दोन्ही लागतील. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघते, त्याला वेगळा शिक्का लागत नाही. पण तो मराठीत असते, म्हणून इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडायचं. भाषांतरात क्षेत्र हेक्टर-आरमध्येच ठेवा, पिकांची नावं इंग्रजीत लिहा अन् मालकाचं नाव पासपोर्टसारख्याच स्पेलिंगने. नाव थोडं वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र लावा. वावर अजून वडिलांच्या नावावर असेल, आपल्याकडे बहुतेक घरी असतेच, तर खर्च वडील करणार असं त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट अन् नातं दाखवणारा कागद द्यायचा. उगाच स्वतःच्या नावावर जमीन आहे असं भासवू नका.

आणि कव्हर लेटर, म्हणजे अर्जासोबतचं आपलं पत्र. हे कोणाचं पाहून उतरवू नका, स्वतःची गोष्ट साध्या इंग्रजीत एका पानात लिहा, लागलं तर गावातल्या मास्तरची मदत घ्या. मी कोण, किती एकर, काय पिकते, पैसा कोणत्या महिन्यात येते, रोममध्ये कोणत्या दिवशी काय पाहणार, घरी कोण आहे, परत कधी येणार. आपल्यासाठी एक भक्कम मुद्दा म्हणजे पेरणी. एप्रिल-मे मध्ये वावर मोकळं असते, कापूस विकून झालेला असते, रोममध्ये हवा चांगली असते, आणि जूनमध्ये मृगाच्या आत घरी असणं भागच असते. 'खरीप पेरणीसाठी मला मे अखेरपर्यंत परतावंच लागेल' हे एक वाक्य सातबाऱ्यासोबत वाचलं की परत येण्याचं कारण आपोआप उभं राहते.

मुंबईची अपॉइंटमेंट

महाराष्ट्राचे अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वकिलातीकडे जातात, कागद व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जमा होतात. पहिल्यांदा बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागते. दहाही बोटांचे ठसे घेतात, ते ५९ महिने त्यांच्याकडे राहतात, १२ वर्षांखालच्या लेकरांना यातून सूट आहे. कापूस वेचून, निंदण करून बोटं भेगाळलेली असली की राशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा उठत नाही हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे जायच्या आधी काही दिवस रोज रात्री हाताला व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल चोळा. विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्रामने जाणार असाल तर अपॉइंटमेंट दुपारची घ्या, नाहीतर एक दिवस आधी पोहोचा, गाडी लेट झाली तर स्लॉट जाते अन् पुढचा लवकर मिळत नाही. अर्जानंतर चौकशीचा फोन येऊ शकते, काय भरलं ते घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

नकार आलाच तर लेखी येते, कारणावर खूण केलेली असते. तेवढं दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येते, पण आधीचा नकार लपवू नका, त्यांच्या सिस्टीममध्ये तो दिसतेच. व्हिसा मिळाला की स्टिकरवर नाव, पासपोर्ट नंबर, तारखा अन् किती दिवस दिले ते तिथंच तपासा.

व्हिसा आल्यावर

कोलोसियम म्हणजे रोमचं जुनं दगडी प्रेक्षागृह, त्याचं तिकीट नावानिशी असते, पासपोर्टवर जे नाव तेच तिकिटावर, अधिकृत साइटवर भेटीच्या ३० दिवस आधी सुटते. त्याच तिकिटात रोमन फोरम अन् पॅलाटाइन टेकडी येते. व्हॅटिकन वेगळा देश असला तरी तिथं जायला वेगळा व्हिसा लागत नाही, सेंट पीटर चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले पायजे, आपल्या साडीला अन् सदऱ्या-पायजम्याला काहीच अडचण नाही. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. हॉटेलात खोलीच्या भाड्याशिवाय माणशी दर रात्रीचा सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागते, तीन स्टारला ६ युरो, चार स्टारला साडेसात, आणि तो बुकिंगच्या वेळी भरलेल्या पैशात बहुतेक धरलेला नसते. प्यायचं पाणी विकत घ्यायची गरज नाही, रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचंच आहे, एक बाटली सोबत ठेवा.

तिथल्या विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनमध्ये फोटो घेतात अन् व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे जुळवून पाहतात, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ही नवी एंट्री-एक्झिट पद्धत सुरू झाली आहे. म्हणून हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, विमा अन् पैशाचा पुरावा हे चार कागद हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. फ्युमिचिनो विमानतळावरून तर्मिनी स्टेशनला लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरोत साधारण अर्ध्या तासात जाते. तर्मिनीत अन् मेट्रोत खिसेकापू फार, पासपोर्ट कमरेच्या आतल्या पाकिटात ठेवा आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा, व्हिसाचा फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग ती प्रत घेऊन भारतीय दूतावासात, पत्ता व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे ५. अडचणीच्या वेळचा फोन नंबर पूर्ण युरोपात एकच, ११२.