बाळाच्या वाटीत फळ कशासाठी?

उष्टावण झालं, मामाच्या मांडीवर बसून बाळाने खिरीचं पहिलं बोट चाटलं, की दुसऱ्या दिवसापासून घरात चर्चा सुरू होते: आता काय भरवायचं? कोल्हापुरात अनेक घरांत या चर्चेचा शेवट सफरचंदावर होतो. कपिलतीर्थ मंडईत पेरू-पपईचे ढीग असतात, जवारी केळ्यांचे घड टांगलेले असतात, तरी बाळासाठी म्हणून पिशवीत पडतं ते काश्मीर-हिमाचलहून आलेलं महागाचं सफरचंद. ते वाफवायचं, मिक्सरमधून फिरवायचं आणि वाटीभर भरवायचं. बाळ खातंही आवडीने, कारण गोडाची ओढ माणूस जन्मतःच घेऊन येतो.

सफरचंदात वाईट काही नाही. पण सहा महिन्यांच्या बाळाला नेमकं काय कमी पडतं हे पाहिलं, तर फळाची निवड बदलते. ते फळ केव्हा आणि कशाबरोबर द्यायचं, हेही बदलतं.

कमी पडतं ते मुख्यतः लोह. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नाही. ते शोषलं चांगलं जातं, पण या सहा महिन्यांत बाळाचं वजन दुपटीच्या आसपास जातं, रक्तही तेवढं वाढतं आणि साठा संपत येतो. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायला सांगते त्याचं हे एक मोठं कारण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 6 ते 59 महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी 67 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. या सगळ्यांचं कारण एकटं लोह नाही, तरी त्याचा वाटा मोठा आहे. लोह कमी पडतं तेव्हा मेंदूची वाढ जोरात चालू असते, म्हणून हा आकडा मला अस्वस्थ करतो.

आता कुणी म्हणेल, फळात कुठे लोह असतं? बरोबर आहे, फारसं नसतं. लोह आहे नाचणीत, डाळीत, पालेभाजीत, अंड्याच्या बलकात, मटणात. मग फळाचं काम काय? धान्या-डाळीतलं लोह बाळाच्या रक्तापर्यंत पोहोचवायला मदत करणं, हे फळाचं खरं काम.

नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोहाला घट्ट धरून ठेवतो आणि आतड्यातून ते तसंच पुढे निघून जातं. नाचणीत त्याच्या जोडीला टॅनिनही असतं, तेही लोहाला अडवतं. शिवाय वनस्पतींमधलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं, आणि आतड्याच्या पेशी आत घेतात ते फेरस रूपातलं. क जीवनसत्त्व इथे दोन कामं करतं. ते फेरिकचं फेरस करतं आणि लोहाला स्वतःशी सैलसं बांधून विरघळलेलं ठेवतं, त्यामुळे फायटेटच्या तावडीत सापडणारं लोह कमी होतं. एकाच जेवणापुरतं मोजलं तर क जीवनसत्त्वामुळे शोषण दुप्पट-तिप्पट झालेलं दिसतं. महिनोन्महिने मिश्र आहार घेणाऱ्या माणसांत फरक तेवढा मोठा भरत नाही, पण ज्या बाळाचं जेवणच नाचणी, तांदूळ आणि मुगाच्या डाळीवर चालतं, त्याच्यासाठी ही मदत सोडून देण्यासारखी नाही.

यात एक अट आहे. दोन्ही पदार्थ पोटात एकाच वेळी असायला हवेत. सकाळी दहाला फळ आणि दुपारी एकला खिमट, असं केलं तर फळातलं क जीवनसत्त्व त्या खिमटातल्या लोहाच्या कामी येत नाही.

आणि इथेच पेरू पुढे येतो. पेरूच्या 100 ग्रॅम गरात 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात जेमतेम पाच. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे 30 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मोठे दोन चमचे पेरूचा गर, वाफवताना निम्मं जीवनसत्त्व उडून गेलं असं धरलं तरी, दिवसाची गरज भागवतो. त्यानंतर पपई, संत्रं, मोसंबी आणि आंबा. कोकणातून घाट चढून हापूस इकडे येतो तेव्हा महिना-दोन महिने आंब्याने काम भागवायला हरकत नाही. केळं आणि चिक्कू या बाबतीत मागे आहेत, त्यांचा उपयोग वेगळा.

पेरूने सर्दी होते, पेरू बाळाला बाधतो, हे मी अनेक आज्यांकडून ऐकलं आहे. सर्दी विषाणूंमुळे होते. पेरूतला खरा धोका त्याच्या कठीण बियांचा आणि अर्धवट पिकलेल्या गराचा. चांगला पिकलेला, वासाला गोड झालेला पेरू चार फोडी करून पाच-सात मिनिटं वाफवावा आणि पुरणाच्या चाळणीवर चमच्याने घासावा. बिया वर राहतात, खाली मऊ लगदा उतरतो. पाण्यात उकळून ते पाणी फेकू नये, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि त्याच्याबरोबर जातं. हा लगदा नाचणीच्या लापशीत ती कोमट झाल्यावर मिसळायचा. लापशी पाण्यात शिजवलेली बरी. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन, दोन्ही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून दुधातली नाचणी आणि वर पेरू यात अर्धा फायदा हातचा जातो. दुधाच्या जिल्ह्यात हे सांगणं अवघड आहे, पण एक वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध हे बाळाचं मुख्य पेय नसावं, हेही याच ओघात सांगायला हवं. आईचं दूध मात्र चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही.

नाचणीला मोड आणण्याची आपल्याकडची जुनी पद्धत विज्ञानाच्या कसोटीवर उत्तम उतरते. मोड येताना दाण्यात दोन विकरं (एन्झाइम) तयार होतात. फायटेज फायटेट तोडतं, म्हणून लोह मोकळं होतं. अमायलेज स्टार्च तोडतं, म्हणून लापशी पातळ होते. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. साध्या पिठाची लापशी शिजली की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि ती खळीसारखी घट्ट होते. बाळाला ती गिळवत नाही, मग आपण पाणी घालत जातो आणि वाटीत पिठापेक्षा पाणीच जास्त राहतं. मोड आलेल्या पिठात स्टार्चच्या लांब साखळ्या तुटलेल्या असतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी सरसरीत राहते आणि तेवढ्याच चमच्यांत जास्त ऊर्जा जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात यावर बरंच काम केलं. घट्ट शिजलेल्या लापशीत मोड आलेल्या धान्याचं एक लहान चमचा पीठ ती गरम असतानाच ढवळलं, की काही मिनिटांत ती पातळ होते. त्यानंतर एक उकळी जरूर काढावी, कारण मोड येण्याच्या ओलाव्यात जंतूही वाढतात. पीठ दळण्याआधी मोड मंद आचेवरच भाजावेत. खरपूस भाजले तर अमायलेज नष्ट होतं. आणि सत्त्व काढताना सगळं फडक्यातून गाळून चोथा टाकू नये, त्या चोथ्याबरोबर प्रथिनं आणि खनिजंही जातात.

ऊर्जेचा हिशोब फळालाही लागू आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी वरच्या अन्नातून हव्यात. 100 ग्रॅम सफरचंदात 50 ते 60 किलोकॅलरी असतात. म्हणजे नुसत्या सफरचंदावर भागवायचं तर साडेतीनशे-चारशे ग्रॅम गर लागेल. बाळाच्या जठरात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावतं, सात किलोच्या बाळात सव्वादोनशेच्याही आत. फळाने पोट भरलं की वरण-भाताला जागा उरत नाही. वरणाच्या वरवरच्या निवळ पाण्याचंही तेच, पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. फळांचा रस तर एक वर्षाच्या आत देऊच नये. त्यात तंतू गाळले जातात आणि साखर राहते.

म्हणून केळं आणि चिक्कू यांच्याकडे ऊर्जेची फळं म्हणून पाहावं. कच्च्या केळ्याच्या कोरड्या वजनात सत्तर-ऐंशी टक्के स्टार्च असतं. पिकताना त्याची जवळजवळ सगळी साखर होते. बाळाच्या स्वादुपिंडातून येणारं अमायलेज सहा महिन्यांच्या सुमारास अजून तुटपुंजं असतं, त्यामुळे सालीवर काळे ठिपके पडलेलं पिकं जवारी केळं त्याला हिरवट केळ्यापेक्षा सोपं जातं. ते काट्याने कुस्करलं आणि त्यात अर्धा चमचा शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट मिसळलं, तर ऊर्जाही वाढते आणि प्रथिनंही. शेंगदाणा लवकर दिल्याने ॲलर्जी होते, अशी भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने उलटंच दाखवलं. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा मिळाला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी होती. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. द्राक्षाचंही तसंच. सांगली-तासगावची द्राक्षं हंगामात घरोघर येतात, ती बाळाला उभी चिरून, चार तुकडे करून, बी काढूनच द्यावीत. कच्च्या सफरचंदाची फोड नकोच. चिक्कूच्या बीला टोकाशी आकडा असतो आणि सीताफळाची बी विषारी असते, तेव्हा ही दोन्ही फळं सोलणाऱ्याने बिया मोजूनच बाजूला काढाव्यात.

फळ आणताना ते कसं पिकवलंय हा प्रश्न येतोच. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या संयुगांचे अंश असू शकतात. इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, कारण पिकताना फळ स्वतःच तो सोडतं. घरच्या आढीत गवताखाली झाकून हाच वायू आपण कोंडून ठेवत आलो आहोत. बाळासाठी किंचित कच्चं फळ आणून घरी पिकवलं तर शंका उरत नाही. ते कागदात गुंडाळून, शेजारी एक पिकं केळं ठेवलं की पुरतं.

स्वच्छतेची एक गोष्ट कोल्हापुरात विशेष सांगावी लागते. रविवारी मटण किंवा चिकन ज्या पाटावर, ज्या विळीने कापलं, त्याच विळीने बाळाची पपई चिरली जाते. कच्च्या मांसावरचे साल्मोनेलासारखे जंतू रश्शात उकळून मरतात, पण पपई शिजत नाही. बाळाची सुरी आणि पाट वेगळे असावेत. मटणाचं नाव निघालंच आहे तर, मीठ-तिखट घालण्याआधी काढलेलं अळणी पाणी बाळाला पाजायची पद्धत आहे, त्यात लोह नाममात्र असतं. लोह फोडीत असतं, आणि तेही सहज शोषलं जाणारं. घरात चालत असेल तर मऊ शिजलेली फोड वाटून दोन चमचे द्यावी. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी नाचणी, डाळ आणि पेरू आहेतच. शिवाय सरकारी कार्यक्रमात आशाताई सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा देतात ते लोहाचं एक मिलिलिटर औषधही आहे, ते चुकवू नये.

कुस्करलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहून कमी. बाळाचा चमचा ज्या वाटीत बुडला ती वाटी पुन्हा फ्रिजमध्ये जाऊ नये. लाळेतले जंतू तिथे वाढतात आणि लाळेतलं अमायलेज उरलेली लापशी पाण्यासारखी करून टाकतं. जास्तीचा पेरूचा लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर वापरता येतो. बरणीत भरून टिकवण्याचा प्रयत्न मात्र घरी करू नये. आंबट फळांत घातक जंतूंची वाढ अडते, पण पपई, केळं, चिक्कू यांची आम्लता तेवढी नसते.

मध आणि गूळ हे दोन विषय प्रेमाचे आहेत, त्यामुळे नाजूक. एक वर्षाच्या आत मध चाटवणं धोक्याचं आहे. त्यात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले जंतू त्यांना थारा देत नाहीत, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि नसांवर परिणाम करणारं विष तयार करतात. हा आजार पहिल्यांदा 1976 साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, दूध ओढायची ताकद नसणं, अंग सैल पडणं ही त्याची लक्षणं. साध्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा मलाही अभिमान आहे, पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या वाटीत साखर, गूळ, मध काही नको, आणि वर्षाच्या आत मीठही नको. पिकं फळ घातलं की लापशी पुरेशी गोड होते.

नऊ-दहा महिन्यांपर्यंत मिक्सर बाजूला ठेवून हाताने कुस्करायला लागावं. गाठी-गाठींचं अन्न या वयात तोंडात आलं नाही, तर पुढे चावायचं अन्न नाकारण्याचा त्रास वाढतो. पेरू पहिल्यांदा तोंडात गेल्यावर बाळ बहुधा डोळे मिटेल, तोंड वाकडं करेल, थुंकेल. लगेच सफरचंदाकडे वळू नये. अनोळखी चव स्वीकारायला बाळाला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती चाखावी लागते. दोन दिवस थांबून पुन्हा अर्धा चमचा द्यावा, जबरदस्ती न करता, आणि बाळाने मान फिरवली की तिथेच थांबावं.