मंडळीच्या कॅसेटी, पत्र्याचे छप्पर आणि एक बारीक स्क्रू

खानदेशातल्या चर्चमध्ये सध्या जुने सामान काढून नवे आणण्याचे वारे आहे. गीतांच्या पारदर्शक पट्ट्या दाखवणारा ओव्हरहेड प्रोजेक्टर माळ्यावर गेला, भिंतीवर एलईडी पडदा आला, रविवारची उपासना मोबाइलवरून थेट दिसू लागली. कामासाठी सुरत-पुण्याला गेलेली मुले गावची उपासना पाहू शकतात, यापेक्षा चांगले काय असणार! माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. या आवराआवरीत कॅसेटींची पेटी भंगारात जाते, आणि ती जाताना कारण सांगितले जाते: “उन्हाने त्यातला आवाज उडून गेला आहे.”

हा समज साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

अशी एक पेटी मी नवापूरच्या बाजूला पाहिली. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ती कैक उन्हाळे पडून होती. एका कॅसेटवर निळ्या शाईत लिहिले होते, ‘नाताळ उपासना, नवापूर, जि. धुळे’. नवापूर आज ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. म्हणजे ही कॅसेट बहुधा त्याआधीची. अशा पेट्यांमध्ये मावची, भिली, अहिराणीतली गीते असतात, ढोलकी-झांजेवरची भजने असतात, आज हयात नसलेल्या पाळकसाहेबांचे संदेश असतात. यातली कितीतरी गीते कुठल्याही छापील पुस्तकात नाहीत. पेटी गेली की तीही गेली.

आता उन्हाचे बघू. साध्या कॅसेटच्या फितीवर तपकिरी थर असतो, तो लोहाच्या एका ऑक्साइडच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांचा. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकले चुंबक. रेकॉर्डिंग करताना हेडमधले (हेड म्हणजे फीत जिला घासून जाते तो आवाज भरणारा आणि वाचणारा भाग) चुंबकीय क्षेत्र या कणांचे चुंबकत्व इकडे किंवा तिकडे वळवते, आणि ते तसेच राहते. उष्णतेने चुंबकत्व जाते हे खरेच आहे. पिएर क्युरी यांनी 1895 मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. पण प्रत्येक पदार्थाला त्यासाठी एक ठरावीक तापमान लागते, आणि या ऑक्साइडच्या बाबतीत ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर आहे. फितीचे पॉलिस्टर त्याच्या कितीतरी आधी, 250 अंशांच्या थोडे पुढे, वितळून जाते. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर गेला, पत्र्याखाली आणखी दहा-पंधरा अंश चढले, तरी त्या कणांना त्याचे काही नाही. आवाज जागेवरच असतो.

मग कॅसेट लावल्यावर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा का येतो? कारण उन्हाने बाकीचे सामान बिघडते. कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा चिकटवलेला असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. प्लेअरमधला रबरी पट्टा सैल होतो, कधी डांबरासारखा चिकट होतो. प्लॅस्टिकचे कवच वाकते.

एक गोष्ट मात्र उष्णता फितीवरही करते. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटते, आणि ऊन व काळ यांनी ते वाढते. त्यामुळे गीत सुरू होण्याच्या क्षणभर आधी तेच गीत अगदी हळू कुजबुजल्यासारखे ऐकू येते. हेड खाली-वर सरकलेले असेल तर फितीच्या दुसऱ्या बाजूचे बोलणे उलटे ऐकू येते, तेही याच पठडीतले. असे काही ऐकून कुणी “यात काहीतरी शिरले आहे” म्हणत कॅसेट जाळायला निघाले, तर त्याचा हात धरा. त्यात चुंबकत्वाखेरीज काही शिरलेले नाही. वाजवण्याआधी फीत दोन-तीनदा पुढे-मागे पूर्ण फिरवली की ती कुजबुज बरीच कमी होते.

आता मूळ मुद्दा. या विषयात मला सर्वात आवडते ती फितीवरची तरंगलांबी, म्हणजे आवाजाची एक लाट फितीवर किती जागा घेते ती. ती एकदा समजली की कॅसेटची बहुतेक दुखणी आपोआप उलगडतात.

फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून तिचा वेग ठरलेला आहे: सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. आता 200 हर्ट्झचा स्वर घ्या, म्हणजे साधारण बोलण्यातला स्वर. सेकंदाला 200 लाटा 4.76 सेंटिमीटरमध्ये बसवायच्या, तर एक लाट 0.24 मिलिमीटरची झाली. याउलट ‘स’, ‘श’, ‘च’ यांतला शीत्कार बराचसा 5,000 ते 8,000 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. 7,000 हर्ट्झची एक लाट फितीवर केवळ 0.0068 मिलिमीटर जागा घेते. म्हणजे स्वर फितीवर ऐसपैस पसरलेले असतात आणि व्यंजने दाटीवाटीने बसलेली असतात. बिघाड कुठलाही असो, पहिला बळी व्यंजनाचा जातो. म्हणून जुन्या कॅसेटवर “कोणीतरी बोलतंय” हे कळते, पण काय बोलतंय ते कळत नाही.

नमद्याचा तुकडा गळाला किंवा हेडवर धूळ साचली की फीत हेडपासून किंचित दूर राहते. किती दूर राहिली तर किती तोटा, याचे गणित बेल प्रयोगशाळेतल्या वॉलेस यांनी 1951 मध्ये मांडले: अंतर एका तरंगलांबीइतके झाले की तो आवाज जवळपास 55 डेसिबलने खाली येतो, म्हणजे पाचशे पटींहून अधिक क्षीण होतो. आपल्या ‘स’साठी हे अंतर 0.0068 मिलिमीटर. धुळीचा एक पातळ थर पुरे. 200 हर्ट्झच्या स्वराला मात्र तेवढ्याच अंतराने दोन डेसिबलचाही फरक पडत नाही.

त्याहून मजेदार गोष्ट हेडच्या तिरपेपणाची. हेडमध्ये एक अतिशय अरुंद उभी फट असते, आणि ती फितीवरच्या लाटांना समांतर असावी लागते. कपाशीच्या सऱ्यांवर काठी ठेवून पाहा: सरीला समांतर ठेवली तर ती नीट सरीत बसते, जराशी तिरपी केली की काही भाग सरीत आणि काही वरंब्यावर येतो. हेडचेही तसेच होते. फटीचे एक टोक लाटेच्या माथ्यावर आणि दुसरे टोक तळाशी आले की अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. मोनो (एकाच वाहिनीच्या) कॅसेटचा आवाजाचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद असतो. हेड फक्त पाव अंशाने तिरपे झाले, तर त्या रुंदीत 1.5 गुणिले पाव अंशाचा स्पर्शक (टॅन्जंट), म्हणजे 0.0065 मिलिमीटरचा फरक पडतो. आणि आपल्या ‘स’ची लाट 0.0068 मिलिमीटरची! जवळजवळ पूर्ण एक लाट फटीखाली येते, बेरीज शून्याच्या जवळ जाते, आणि ‘स’ नाहीसा होतो. स्टिरिओ हेड हाच पट्टा दोन भागांत वाचते. तिथे प्रत्येक भागाचा तोटा कमी असतो, पण दोन्ही भाग एकत्र केले की तेच गणित परत येते.

ज्या रेकॉर्डरवर ती उपासना भरली, त्याचे हेडही स्वतःच्या तऱ्हेने किंचित तिरपे असणारच. तो तिरपेपणा फितीवर कायमचा कोरला गेला. त्यामुळे तुमच्या प्लेअरचे हेड काटकोनात चोख असून भागत नाही. ते त्या जुन्या हेडइतकेच, त्याच बाजूला तिरपे हवे. हे जमवता येते. हेड दोन स्क्रूंवर बसवलेले असते, त्यातल्या एकाखाली बारीक स्प्रिंग असते आणि बहुधा त्यावर लाखेचा थेंब टाकलेला असतो. कॅसेट चालू ठेवा, आवाज मोनोवर घ्या, चुंबकत्व नसलेल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने हा स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच एक जागा अशी येते की झांज एकदम झळझळते, ‘शांती’तला ‘श’ स्पष्ट होतो आणि बोलणारा समोर उभा राहतो. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकीला नव्याने फिरवावे लागते. गळलेला नमद्याचा तुकडाही मुळीच अडचण नाही: स्क्रू असलेल्या कुठल्याही कोऱ्या कॅसेटचे कवच उघडून त्यात जुनी फीत बसवली की झाले.

हे काम संगणकात आवाज भरण्याच्या आधीच करायला हवे. हल्ली “एआयने जुना आवाज नव्यासारखा करून देतो” म्हणणारे भेटतात. जे व्यंजन हेडने उचललेच नाही, ते कुठलीही प्रणाली परत आणू शकत नाही. ती केवळ अंदाजाने भर घालते. मराठी-हिंदीत तो अंदाज कदाचित खपून जाईल. मावची किंवा भिली ज्या प्रणालीला कधी शिकवलीच नाही, ती तिथे भलतेच ध्वनी बसवील, आणि पुढची पिढी तेच गीत म्हणून गाईल. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींवरही पैसे घालू नका. ते पैसे गावातल्या टेप दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराला द्या. नवा रबरी पट्टा आणि साफ केलेले हेड यांचा उपयोग त्याहून कितीतरी मोठा.

पहिल्यांदा कॅसेटच्या पाठीवरच्या कोपऱ्यांतल्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिक पट्ट्या (टॅब) तोडा, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. संगणकात मोनोमध्ये, सेकंदाला 48,000 नमुने आणि 24 बिट, अशा डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये आवाज भरा. तासाभराची कॅसेट सुमारे 520 एमबीत बसते. व्हॉट्सॲपवर पाठवायची छोटी फाइल नंतर त्यावरून करता येते, उलटे करता येत नाही. कॅसेटवरचे लेबल जसेच्या तसे फाइलच्या नावात उतरवा.

सगळे लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाई मात्र नको. जुन्या उपासनांमध्ये प्रार्थना-विनंत्या असतात, त्यांत कुणाचे आजारपण, कुणाच्या घरातले भांडण असते. आधी वडीलधाऱ्यांनी ऐकावे, त्या घरच्यांना विचारावे, मग ठरवावे. आणि सुरुवात संदेशांपासून न करता गीतांपासून करा, त्यातही पुस्तकात नसलेल्या गीतांपासून, कारण ती ओळखून शब्द सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. फाइलींची एक प्रत मंडळीच्या कार्यालयात ठेवा आणि दुसरी दुसऱ्या गावच्या मंडळीकडे द्या. मूळ कॅसेटी भंगारात देऊ नका. पत्र्याखालून काढून खालच्या खोलीतल्या कपाटात, स्पीकरच्या चुंबकापासून लांब, उभ्या लावून ठेवा.